नव्या चढाईपटूचा पायगुण

आमच्या भरे गावात मारुतीच्या पारावर ज्या विषयाचा निकाल लागत नाही, तो विषय जगात कोठेच निकालात निघत नाही, अशी पारावरच्या मंडळींची समजूत आहे. २०२५ च्या उन्हाळ्यात असाच एक विषय पारावर आला. ३१ मे आणि १ जून या दोन दिवशी मुंबईत प्रो कबड्डी लीगच्या बाराव्या हंगामाचा लिलाव झाला आणि पुणेरी पलटणने सचिन तन्वर नावाचा चढाईपटू १ कोटी ५ लाख ८० हजार रुपयांना घेतला. मुळशी तालुक्यातून हिंजवडी ओलांडली की बालेवाडी. त्यामुळे पलटण ही आमची घरचीच टीम आहे, आणि घरात नवा माणूस येतो आहे म्हटल्यावर चार माणसांनी बोलणे क्रमप्राप्तच होते. ती चर्चा पुढे पाच महिने चालली. तिच्याविषयी मला काही म्हणायचे आहे, आणि त्यात मी स्वतःलाही मोकळे सोडणार नाही.

पहिला आक्षेप नेहमीचाच. हा बाहेरचा, राजस्थानचा. आपल्या महाराष्ट्रात चढाई करणारी पोरे मेली आहेत काय? हा प्रश्न विचारणाऱ्या तात्यांनी तरुणपणी चार तालुक्यांची मैदाने गाजवलेली आहेत, म्हणून त्यांच्या शब्दाला मान आहे. पण २०२४ च्या १ मार्चला हैदराबादला पलटणने हरियाणा स्टीलर्सना २८-२५ असे हरवून पहिल्यांदा अजिंक्यपद मिळवले, त्या रात्री याच पारावर फटाके वाजले होते. कप्तान अस्लम इनामदार आपल्या नगर जिल्ह्याचा, ऐन वेळी चौघांना एकाच चढाईत बाद करणारा पंकज मोहिते आपला, हे खरेच. पण त्याच संघात मोहम्मदरेझा शादलू इराणचा होता, मोहित गोयत हरियाणाचा होता आणि प्रशिक्षक बी. सी. रमेश कर्नाटकचे होते. त्या रात्री कोणी कोणाचे गाव विचारले नाही. आज आमच्या आळीतल्या निम्म्या खोल्यांत पिरंगुटच्या कारखान्यांत कामाला जाणारी परप्रांतीय आणि मराठवाड्यातली माणसे राहतात, आणि त्यांच्या भाड्यावर घरे चालतात. बाहेरचा हा शब्द आम्ही सोयीप्रमाणे वापरतो एवढेच. हा मुद्दा मी येथेच सोडतो.

दुसरा आक्षेप भावाचा. २०२४ च्या लिलावात याच सचिनला तमिळ थलायवाजने २ कोटी १५ लाख दिले होते आणि त्या लिलावातली ती सर्वांत मोठी बोली होती. एका वर्षात भाव निम्म्यावर! "बैलाचा भाव उतरला की आधी दात बघावेत," असे एक आबा म्हणाले. त्यावर आमच्यातला हिशेबी मित्र म्हणाला की, एका संघाला खर्चाची मर्यादाच पाच कोटींची, त्यातला एक पंचमांश देऊन एवढा अनुभवी गडी मिळत असेल तर तो स्वस्तच पडला. मला हिशेब मित्राचा पटला. पण माणसाविषयी बोलताना आपण किती सहजपणे बैलबाजारात जाऊन पोहोचतो, याचेही वाईट वाटले. अर्थात लिलाव हा शब्दच असा आहे की, त्यात दुसरी भाषा सुचत नाही.

तिसरा आक्षेप मात्र असा आला की, पहिले दोन विसरले गेले. "सगळं खरं, पर त्याचा पायगुण बरा नाय."

हे बोलणाऱ्याजवळ पुरावा होता. सचिन गुजरातच्या संघात होता तेव्हा, २०१७ च्या ऑक्टोबरात, गुजरात अंतिम सामन्यात पाटणा पायरेट्सकडून ५५-३८ असा हरला. पुढच्या हंगामाचा अंतिम सामना २०१९ च्या जानेवारीत मुंबईला झाला. तेथे बेंगळुरू बुल्सनी गुजरातला ३८-३३ असे हरवले. मग हा पाटण्याकडे गेला, आणि २०२२ च्या फेब्रुवारीत पाटणा दबंग दिल्लीकडून अंतिम सामना हरले, तेही एका गुणाने, ३७-३६. २०२४ मध्ये पाटण्याला उपांत्य फेरीत कोणी गारद केले? आपल्याच पलटणने! म्हणजे हा गडी जेथे जातो, तेथे वरात दारापर्यंत येते आणि नवरदेव घोड्यावरून पडतो. पारावर हशा झाला. हशा होणारा युक्तिवाद खोडून काढणे फार अवघड असते.

हंगाम सुरू झाला. पलटण उत्तम खेळली, साखळीत पहिल्या दोघांत आली. मग ३१ ऑक्टोबरला दिल्लीत अंतिम सामना झाला आणि दबंग दिल्लीने पलटणला ३१-२८ असे हरवले.

तो सामना आम्ही आमच्या घरी पाहिला. दादाने हप्त्यावर मोठा टीव्ही घेतला आहे, म्हणून आळीतली पोरे आमच्या पडवीत जमतात. शेवटची शिट्टी झाली, आणि ज्याच्या तोंडून ते वाक्य येणार हे सर्वांना ठाऊक होते त्याच्याच तोंडून ते आले: "बघा! म्हनलं नव्हतं? पायगुण!" सगळे हसले. मीही हसलो. त्याच वेळी माझी वहिनी चहाचे कप घेऊन उंबऱ्यात उभी होती.

येथे मला घरातली गोष्ट सांगणे भाग आहे. माझा दादा चढाईपटू होता. मातीवरचा. जत्रेतल्या स्पर्धांत त्याने दोन सायकली, एक मिक्सर आणि पुष्कळ ढाली जिंकल्या आहेत. मिक्सर अजून चालतो. चार वर्षांपूर्वी त्याचे लग्न झाले, आणि लग्नाला तीन महिने होत नाहीत तोच एका गावच्या स्पर्धेत त्याचा उजवा गुडघा गेला. बोनस घेऊन परत फिरताना पाय मातीत रुतला आणि शरीर वळले, पाय वळला नाही. डॉक्टरांनी लिगामेंट तुटल्याचे सांगितले. त्या मैदानावर आयोजकांनी ऐन वेळी पाण्याचा टँकर रिकामा केला होता, हे खेळलेल्या चौदाही जणांना माहीत आहे. त्याआधी दोन वर्षे दादा त्याच गुडघ्याला पट्टी बांधून खेळत होता, हे घरात मला माहीत होते, कारण पट्टी मी बांधत असे. पण दवाखान्यातून परतताना आई रिक्षातच म्हणाली, "पायगुण." एकच शब्द. कोणाचा ते सांगण्याची गरज नव्हती.

तेव्हापासून तो शब्द आमच्या घरात आहे. तो मोठ्याने फारसा उच्चारला जात नाही. म्हैस आटली की तो ओसरीवर येऊन बसतो, दादाची रात्रपाळी बदलली नाही की चुलीपाशी येतो. वहिनीने त्याविषयी कधी भांडण केलेले मी ऐकले नाही. आणि ३१ ऑक्टोबरच्या रात्री त्याच शब्दावर मी तिच्यादेखत हसलो.

तिने कप ठेवले आणि विचारले, "भाऊजी, एका बाजूनं खेळतात किती जण?"

कोणीतरी म्हणाले, "सात."

"हां," असे म्हणून ती आत गेली. चहा प्यायला कोणाला सुचेना.

त्या रात्रीनंतर मी पायगुणाचा हिशेब स्वतः मांडून पाहिला. शादलूचेच घ्या. २०२४ च्या मार्चमध्ये तो पलटणमध्ये होता, पलटण जिंकली. मग पलटणने त्याला सोडले, हरियाणाने २ कोटी ७ लाखांना घेतले, आणि त्याच वर्षीच्या २९ डिसेंबरला हरियाणा अजिंक्य ठरले, तेही आपल्याच बालेवाडीत, पाटण्याला ३२-२३ असे हरवून. केवढा हा शुभ पायगुण! म्हणून की काय, बाराव्या हंगामासाठी गुजरात जायंट्सने त्याला त्या लिलावातली सर्वांत मोठी बोली लावून २ कोटी २३ लाखांना नेले. आणि गुजरात बाद फेरीतसुद्धा आले नाहीत. मग तो शुभ पाय वाटेत कोठे राहिला? उलट सचिन येण्याआधीच्या हंगामात पलटण पहिल्या सहांतही नव्हती. तो आला त्या हंगामात ती अंतिम सामन्यापर्यंत गेली. त्याच हिशेबाने हा पायगुण उत्तम म्हणावा लागेल. पण तसे पारावर कोणी म्हटले नाही. पायगुणाच्या वहीत जमेची बाजू कोरीच ठेवण्याची रीत दिसते.

हे मी एका मित्राला मोठ्या उत्साहाने सांगितले. तो म्हणाला, "म्हणजे तूसुद्धा पायगुण मोजतोयसच की. फक्त बेरीज वेगळी." त्याचे बरोबर होते. मी विरुद्ध बाजूने त्याच मैदानात उतरलो होतो. तर्कशास्त्राच्या तासाला आमच्या सरांनी काकतालीय न्याय शिकवला तेव्हा सगळ्या वर्गाने माना डोलावल्या होत्या: कावळा बसायला आणि फांदी मोडायला. परीक्षेत मी त्यावर टीपही लिहिली, गुण चांगले पडले. परंतु घरी आल्यावर तोच कावळा आपल्याच परसात बसलेला असतो आणि तो आपल्याला दिसत नाही. सरांना माझी नम्र विनंती आहे की, पुढच्या वर्षीच्या वर्गाला उदाहरण देताना कावळ्याऐवजी सून घ्यावी. टीप लिहिताना मुलांचा हात थोडा तरी अडखळेल.

कारण हा शब्द कोणाकोणाला लावतात ते पाहा. नव्या सुनेला, नव्या गाईला, म्हशीला, आणि आता नव्या चढाईपटूला. जावयाला कोणी लावत नाही. लग्नानंतर माझ्या मावशीच्या माहेरी विहीर आटली, तेव्हा काकांचा पायगुण कोणी काढल्याचे ऐकिवात नाही. त्यांना पुढच्या दिवाळीला अंगठीच मिळाली. जो आपल्या घरात येऊन राबणार, त्याच्याच पायाची परीक्षा. आधीपासून घरात असलेल्यांचे पाय धुतलेलेच असतात! पलटण हरली तर प्रश्न बचावाचा असेल, दिल्लीच्या बरोबर पडलेल्या पकडींचा असेल, तीन गुणांचे अंतर कोणत्या मिनिटाला पडले याचा असेल. पण ते पाहायचे तर सामना पाहावा लागतो. टँकर कोणी ओतला हे विचारायचे तर आयोजकांशी वैर घ्यावे लागते. सून घरातच असते, ती सोयीची.

कोणी म्हणेल, एक कोटी घेणाऱ्याने चार बोल सोसावेत, त्यात काय बिघडले? मलाही तसे वाटते. सचिनला आमच्या पाराची खबरही नसणार. तो गुजरातकडून पाटण्याला गेला, पाटण्याहून तमिळ संघात गेला, तेथून पुण्याला आला. येथे नाही जमले तर पुन्हा लिलावात उभा राहील आणि कोणीतरी फलक वर करील. म्हणून त्याच्या बाजूने रडण्याचे मला कारण नाही, आणि तो चांगला खेळत नसेल तर तसे जरूर म्हणावे. अमुक चढाईत त्याने बोनस सोडला, तमुक वेळी तो विनाकारण कोपऱ्यात शिरला, असे म्हणावे. ती टीका झाली, आणि ती करायला खेळ कळावा लागतो. पायगुण म्हणायला काहीच कळावे लागत नाही. माझी तक्रार इतकीच की, जो शब्द आम्ही पारावर गमतीने टाकतो तो पारावर थांबत नाही. तो संध्याकाळी आमच्याबरोबर घरी येतो, आणि घरात जिच्यावर तो पडतो तिला दुसऱ्या संघात जाता येत नाही.

दादाचा गुडघा आता बरा आहे. पळता येते, चढाई करता येत नाही. रविवारी सकाळी तो गावातल्या पोरांना घोट्याची पकड शिकवतो. वहिनीला मी त्या रात्रीबद्दल काहीतरी बोललो. ती म्हणाली, "जाऊ द्या भाऊजी, तुम्ही हसला नसता तर बाकीच्यांनी तुम्हालाच धरलं असतं." हे तिने मला माफ केले की माझे वर्म दाखवले, ते मला अजून समजलेले नाही.

हा लेख वार्षिकांकात छापून आला तर तो आईला वाचून दाखवायचे मी कबूल केले आहे. आमच्या घरातला कोणाचा तरी पहिलाच छापील मजकूर, म्हणून तिला फार हौस आहे. तिला वाचता येत नाही, तेव्हा रिक्षातला भाग गाळून पुढे जाण्याची सोय माझ्यापाशी आहे. वहिनी त्या वेळी तेथेच भाकरी करीत असेल. गाळायचे की नाही, हे अजून ठरलेले नाही.