‘कोविड बॅच’ म्हणून हिणवणाऱ्यांना

२०२० आणि २०२१ साली पदवी घेतलेल्या मुलांविषयी एक मत आपल्याकडे असे रुजले आहे की ते तपासून पाहावे असे कोणाला वाटतच नाही. ही मुले घरी बसून पास झाली, आईच्या हातचे गरम जेवली आणि वर ‘डिप्रेशन आले’ म्हणून रडली. नोकरीच्या मुलाखतीत साल विचारून हसणारे साहेब आजही भेटतात. या मताचा हुकमी युक्तिवाद म्हणजे, ‘आम्ही बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडून शिकलो, आम्हाला कुठे समुपदेशक लागला?’

दाखला उत्तम आहे, फक्त तो देणाऱ्याच्याच अंगावर उलटतो. बहात्तरच्या दुष्काळात सरकारने लोकांना ‘मन खंबीर ठेवा’ असे सांगितले नाही. रस्त्यांची, पाझर तलावांची कामे काढली, हजेरीपत्रक भरले, मजुरी दिली. हाल झालेच, पण उद्या सकाळी कुठे जायचे हे खडी फोडणाऱ्याला ठाऊक होते. २०२०च्या विद्यार्थ्याला नेमके तेवढेच ठाऊक नव्हते.

शेवटच्या वर्षाच्या परीक्षेचेच पाहा. मार्चअखेर टाळेबंदी लागली. मे महिन्यात राज्य सरकार म्हणाले, परीक्षा नाही, सरासरीने गुण देऊ. कुलपती या नात्याने राज्यपालांनी आक्षेप घेतला. ६ जुलैला विद्यापीठ अनुदान आयोगाने सांगितले, सप्टेंबरअखेर परीक्षा घ्याच. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २८ ऑगस्टला निकाल लागला: परीक्षेशिवाय पदवी नाही, हवी तर राज्यांनी मुदत वाढवून मागावी. अखेर ऑक्टोबरात बहुपर्यायी प्रश्नांची ऑनलाइन परीक्षा झाली आणि मुंबई विद्यापीठाच्या दूरशिक्षण संस्थेची परीक्षा सर्व्हर कोलमडल्याने आणखी पुढे गेली. अभ्यास करायचा की नोकरी शोधायची, खोली सोडायची की भाडे भरत राहायचे, यांतले काहीही सहा महिने ठरवता येऊ नये, अशी सोय मोठ्या माणसांनी आपापसातल्या भांडणातून केली होती. एवढे होऊन ज्याची झोप उडाली नाही, त्याचीच मला जास्त काळजी वाटेल.

दुसरा पक्ष सभ्य आहे, म्हणून अधिक फसवा. तो मुलांना हसत नाही, त्यांच्यासाठी वेबिनार भरवतो. जुलै २०२०मध्ये केंद्राने विद्यार्थ्यांच्या मानसिक आधारासाठी ‘मनोदर्पण’ सुरू केले, सप्टेंबरात मानसिक आरोग्यासाठी ‘किरण’ हेल्पलाइन आली. दोन्ही हव्याच होत्या. ज्याला खरोखर आजार जडला आहे, त्याला डॉक्टरच लागतो, त्याबद्दल वाद नाही. पण बाकीच्यांच्या चिंतेलाही आजाराच्या रांगेत बसवले की शुल्क, शिष्यवृत्ती आणि वेळापत्रक यांचा जाब कोणी विचारत नाही. वेबिनारातल्या प्राणायामाच्या सत्राला बसायलाही रेंज लागत होती, आणि रेंजसाठी कोकणात नि मेळघाटात मुले टेकडीवर चढत होती.

पुण्यातला मार्च २०२१ आठवा. राज्यसेवेची पूर्वपरीक्षा आधीच अनेकदा पुढे गेलेली. १४ तारखेची परीक्षा ११ तारखेला पुन्हा पुढे ढकलली गेली. नवी पेठेतल्या अभ्यासिकांमधली मुले शास्त्री रस्त्यावर उतरली. लगेच २१ मार्च ही नवी तारीख जाहीर झाली आणि मुले पुस्तकांकडे परतली. रोग मनाचा असता तर तो तारखेने इतका हटला असता का? मेसचे पैसे मात्र त्यांना दरवेळी नव्याने भरावे लागले होते.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे (एनसीआरबी) आत्महत्यांचे आकडे इथे जपून वापरायला हवेत. २०१९मध्ये देशात १०,३३५ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, २०२०मध्ये १२,५२६ आणि २०२१मध्ये १३,०८९. त्या वर्षी १,८३४ घटनांसह महाराष्ट्र सर्वांत पुढे होता. यांत शाळकरी मुलेही आहेत आणि प्रत्येक मृत्यूचे खापर साथीवर फोडता येणार नाही. तरीही २०२०मध्ये एकूण आत्महत्या दहा टक्क्यांनी वाढल्या आणि विद्यार्थ्यांच्या एकवीस टक्क्यांनी. ‘सगळ्यांनाच त्रास झाला’ म्हणणाऱ्यांनी या दोन आकड्यांमधले अंतर समजावून द्यावे.

घर हा सर्वांचा आसरा नव्हता, हेही बोलले जात नाही. वसतिगृहातून गावी परतलेल्या कित्येक मुलींच्या हाती लॅपटॉपऐवजी लाटणे आले आणि पाठोपाठ स्थळे आली. त्यांच्यासाठी वसतिगृहाची ती सामायिक खोलीच मोकळी जागा होती. घरच्या जेवणाचे गोडवे गाणाऱ्यांनी ते जेवण कोण रांधत होते, एवढे तरी विचारायचे.

जुलै २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांना समुपदेशक नेमायला सांगितले. स्वागत आहे. त्याच आदेशाच्या फायलीला विद्यापीठांनी आणखी दोन कागद जोडावेत: वसतिगृह बंद असेल त्या महिन्यांचे शुल्क आपोआप माफ, आणि परीक्षेचा निर्णय इतक्या दिवसांत झाला नाही तर कोणता पर्याय लागू होईल, याचा आधीच छापलेला नियम. शिष्यवृत्ती रखडली तर कोणत्या अधिकाऱ्याने उत्तर द्यायचे, त्याचे पदनाम सूचना फलकावर लावावे. यांतल्या एकाही कामाला मानसशास्त्राची पदवी लागत नाही.