दान वाया जाऊ नये

घरातील माणूस मेंदूमृत झाल्याचे कळल्यावर, डोळ्यांतील पाणी खळले नसताना त्याचे अवयव परक्यांना देण्यास जे कुटुंब संमती देते, त्याचे ऋण समाजाने कसे फेडावे? ते दान वाया न घालविणे हाच त्याचा पहिला हप्ता होय. म्हणूनच दात्याच्या शरीरातील जंतुसंसर्गाचा प्रश्न केवळ डॉक्टरांचा आहे असे आम्ही मानीत नाही.

मेंदूमृत दाता हा अतिदक्षता विभागातील रुग्णच असतो. श्वासनलिकेत, शिरेत, मूत्राशयात नळ्या. आणि प्रत्येक नळी म्हणजे जंतूंना मोकळी झालेली वाट! असा संसर्ग आढळताच सर्वच अवयव नाकारणे ही एक चूक, आणि तिकडे काणाडोळा करून ते स्वीकारणे ही दुसरी. पहिलीत प्रतीक्षायादीवरील रुग्ण दगावतो. दुसरीत, प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे घेणाऱ्या रुग्णास परक्याचा रोग जडतो. प्रसंगी रक्तवाहिनीचा सांधाच फुटतो.

वैद्यकशास्त्राने यातून मध्यममार्ग काढलेला आहे. जंतू कोणता व तो कोणत्या प्रतिजैविकास दबतो हे कळले, योग्य औषध २४ ते ४८ तास दिले आणि दात्याची प्रकृती त्यास साथ देऊ लागली, तर रक्तात जंतू सापडलेल्या दात्याचेही अवयव बहुधा घेता येतात. जंतुजन्य मेंदुज्वराने मृत्यू आला म्हणूनही दान बाद होत नाही. अवयव घेणाऱ्यास मात्र तेच औषध पुढे एक-दोन आठवडे द्यावे लागते.

मग अडते कोठे? अडते वेळेपाशी. काढलेले हृदय सुमारे चार तासांत बसवावे लागते. कल्चरचा पूर्ण अहवाल मात्र कित्येकदा पाच दिवसांनी हाती येतो. दात्याचे रक्ताभिसरण फार काळ टिकविणे अवघड, आणि देहाची वाट पाहणाऱ्या कुटुंबाच्या धीरालाही सीमा असते. १९९४ च्या कायद्यानुसार मेंदूमृत्यूची तपासणी सहा तासांच्या अंतराने दोनदा होते. त्या अवधीत अहवालाविना स्वस्थ बसणे परवडणारे नाही. अतिदक्षता विभागातील रुग्णाची जंतुतपासणी आधीपासूनच चोख हवी.

आणखी एक गोष्ट. एका दात्याची दोन मूत्रपिंडे, यकृत व हृदय चार रुग्णालयांत जाऊ शकतात. उशिरा आलेला अहवाल त्या चारही ठिकाणी त्याच दिवशी पोहोचलाच पाहिजे. अवयववाटपाचे काम पाहणाऱ्या विभागीय समन्वय समित्यांनी यासाठी एक जबाबदार व्यक्ती नेमावी, असे आम्ही सुचवितो. रुग्णालाही धोका स्पष्ट सांगावा. यकृत निकामी होऊन मृत्यूच्या दारी उभा असलेला रुग्ण जो धोका पत्करील, तो डायलिसिसवर तग धरलेल्याने पत्करावाच असे नाही.

परंतु खरा शत्रू निराळाच आहे. आपल्या अतिदक्षता विभागांतून क्लेबसिएला व ॲसिनेटोबॅक्टर यांचे असे वाण ठाण मांडून आहेत की, कार्बापेनेमसारखी राखीव औषधेही त्यांच्यापुढे हतबल ठरतात. अशा जंतूंनी रक्त ग्रासले की अवयव नाकारण्यावाचून बहुधा गत्यंतर उरत नाही. सर्दीपडशाला प्रतिजैविके मागणारे आम्ही सुशिक्षित आणि हात न धुता एका खाटेवरून दुसरीकडे जाणारे रुग्णालयातील कर्मचारी, या पापाचे वाटेकरी नाहीत काय? दानाचे गोडवे पुष्कळ गाऊन झाले. आता ते स्वीकारणारे हात स्वच्छ करू या.