चाडे तुंबले, भरपाई बुडाली



पेरताना तिफणीचे चाडे तुंबले तर आपण औत तिथेच थांबवतो. चाडे साफ केल्याशिवाय पुढे पाऊल टाकत नाही. मग मंडळातल्या पर्जन्यमापकाचे चाडे तुंबते, तेव्हा गप्प का बसतो?

2017 पासून महावेध प्रकल्पात महसूल मंडळांमध्ये स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरहून जास्त पाऊस नोंदला तर ती अतिवृष्टी. 2023 च्या नोव्हेंबरात 1021 मंडळांत दुष्काळसदृश स्थिती जाहीर झाली, तीही पावसाचे आकडे पाहूनच. म्हणजे तुमच्या पऱ्हाटीचे आणि ज्वारीचे काय झाले, हे आधी तो खांबावरचा डबा सांगतो.

डब्यात जादू नाही. वर नरसाळे, खाली तराजूसारखी डुलणारी दोन पळ्यांची जोडी. पळी भरली की कलंडते आणि प्रत्येक कलंडणे यंत्र मोजते. नरसाळ्यात पाला अडकला, कोळ्याने जाळे केले, पाखरांनी घाण केली, की पाणी वरच तुंबते. धो धो पाऊस कागदावर रिमझिम होतो. सौर पाटीवर धूळ साचली, बॅटरी बसली, तर नोंदच पडत नाही.

मी एका गावात डोळ्यांनी पाहिले. बांध फुटलेले, पऱ्हाटी चिखलात आडवी, आणि नोंद मात्र किरकोळ सरींची. केंद्रावर गेलो तर नरसाळे लिंबाच्या पाल्याने गच्च. साहेब म्हणाले, "यंत्र खोटे बोलत नाही." खरे आहे. पण तोंडात बोळा कोंबलेले यंत्र खरेही बोलत नाही! लाखोंचे यंत्र बसवायला पैसा आहे, ते पुसायला फडके नाही, आणि त्याचा भुर्दंड कोरडवाहू शेतकऱ्याने सोसायचा, हा कुठला न्याय?

आमच्या मागण्या साध्या आहेत :

1. पावसाळ्यात दर पंधरवड्याला नरसाळे, पळ्या व सौर पाटी साफ करा. कोणी, कधी केले ती नोंदवही ग्रामपंचायतीत ठेवा.

2. मृगाआधी पंचांसमोर मापकाची परीक्षा घ्या. 20 सेंटिमीटर व्यासाच्या नरसाळ्यात 314 मिलिलिटर पाणी हळूहळू सोडले, तर 10 मिलिमीटरच्या आसपास नोंद आली पाहिजे. ही परीक्षेची नोंद पावसात धरू नये.

3. बंद यंत्राची रिकामी जागा म्हणजे शून्य पाऊस नव्हे. तिथे प्रत्यक्ष पाहणी झालीच पाहिजे.

आता थोडे आपलेही. केंद्राच्या कुंपणाला शेळ्या कोण बांधतो? शेजारी तुऱ्हाट्यांची गंजी कोण रचतो? झाड किंवा भिंत जितकी उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतर मोकळे हवे. यंत्राला मात्र कोणी हात लावू नये. लावाल, तर उद्या खरी नोंदही खोटी ठरवतील.

प्रत्येक गावाने साधे हाती पर्जन्यमापक घ्यावे. रोज सकाळी साडेआठला पाऊस मोजून वहीत लिहावा, खाली दोघांनी सह्या कराव्यात. दोन आकड्यांत फरक दिसला की त्याच दिवशी तहसीलदारांकडे लेखी तक्रार करावी आणि पोच घ्यावी. पीक वाहून गेल्यावर रडण्यापेक्षा हे बरे.

पाऊस आपल्या हातात नाही. त्याचे माप खरे पडते की नाही, हे पाहणे आपल्या हातात आहे.