घराची वही कोणाच्या पेढीवर?

पेठ वडगावच्या बाजारपेठेतील जुन्या घरांची ठेवण अजून अनेक ठिकाणी पूर्वीचीच आहे. पुढे दुकान, मागे किंवा माडीवर बिऱ्हाड, परसात पाण्याची टाकी आणि जवळपास कोठेतरी गोदाम. अशा घरांत गेल्या काही वर्षांत नव्या वस्तू एकेक करून येऊन बसल्या. गोदामावर नजर ठेवणारा कॅमेरा एका कंपनीचा, माडीवरचे दिवे दुसरीचे, गीझरचा प्लग तिसरीचा आणि दाराचे कुलूप चौथीचे. प्रत्येकाचे ॲप वेगळे, पासवर्डही वेगळा. आणि ते सारे घरातील एकाच मुलाच्या मोबाईलमध्ये. तो परगावी गेला की टाकी भरून वाहू लागली तरी पंप बंद कोणी करावा, हा प्रश्न उभा राहतो.

या साऱ्या वस्तूंना एका जागेवरून चालवणाऱ्या यंत्रास स्मार्ट होम हब म्हणतात. आकाराने डबीएवढे, पण त्याचे काम पेढीवरील दिवाणजीचे. मालकाची आज्ञा ऐकायची, ती योग्य ठिकाणी पोहोचवायची आणि काय घडले त्याची नोंद ठेवायची. दिवाणजी नेमताना शहाणा व्यापारी त्याच्या पगडीच्या रंगाआधी एक गोष्ट विचारतो: वही कोठे राहणार, आपल्या पेढीवर की त्याच्या घरी? हब घेताना किंमत, रंगरूप आणि आवाज ओळखण्याची करामत यांची चौकशी भरपूर होते. वहीची चौकशी मात्र क्वचितच होते.

आज विकल्या जाणाऱ्या पुष्कळशा उपकरणांची वही परक्या पेढीवर असते. माडीवर बसून मोबाईलवर बोट ठेवले आणि खालच्या खोलीतील दिवा लागला, तरी तो आदेश जिना उतरून गेलेला नसतो. तो कंपनीच्या दूरदेशीच्या संगणकापर्यंत जाऊन, तेथून परवानगी घेऊन परत आलेला असतो. हा प्रवास डोळ्याचे पाते लवते न लवते तोच होतो, म्हणून तो जाणवत नाही. वाट तुटली की जाणवतो. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आले आणि वाहतूक थांबली. अशा दिवसांत वीज आणि इंटरनेट यांचा भरवसा कोण देणार? आणि पूर आपल्याच जिल्ह्यात यावा लागतो असेही नाही. २० ऑक्टोबर २०२५ रोजी, ऐन दिवाळीच्या दिवसांत, अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात असलेल्या ॲमेझॉनच्या संगणक-केंद्रांत बिघाड झाला आणि अलेक्सासह जगभरच्या असंख्य सेवा काही तास विस्कळीत झाल्या. घरात वीज होती, दिवे शाबूत होते, इंटरनेटही चालू होते. हुकूम पोहोचत नव्हता.

याहून मोठा धोका कंपनीच बंद होण्याचा. रिव्हॉल्व्ह नावाचा हब अमेरिकेत सुमारे ३०० डॉलरला विकला जात असे आणि त्यासोबत आजीवन सेवेचे आश्वासन होते. २०१४ मध्ये गुगलच्या मालकीच्या नेस्ट कंपनीने रिव्हॉल्व्ह विकत घेतली आणि मे २०१६ मध्ये ती सेवाच बंद केली. यंत्रात बिघाड नव्हता, तरी ते निर्जीव डबी होऊन बसले. ‘आजीवन’ या शब्दात कोणाचे जीवन धरले आहे, हे विचारायचे राहून गेले होते. विंक या कंपनीने २०२० मध्ये, आधी विकलेल्या हबसाठी, दरमहा सुमारे ५ डॉलर भरण्याची नवी अट घातली. माल रोखीने घेतल्यावर मागाहून भाडे सुरू व्हावे, असा तो व्यवहार. इन्स्टिऑनचे संगणक एप्रिल २०२२ मध्ये कोणतीही पूर्वसूचना न देता बंद पडले. भिंतीवरची बटणे तेवढी चालत राहिली. मोबाईलवरचे आदेश कोठेच पोहोचेनात. ज्यांनी आपला कारभार घरातल्याच संगणकावर ठेवला होता त्यांचे काम अडले नाही, आणि पुढे काही ग्राहकांनीच एकत्र येऊन ती कंपनी विकत घेतली.

लोज या दुकान-साखळीची गोष्ट मात्र मुद्दाम सांगण्याजोगी आहे. तिने आपली आयरिस ही सेवा ३१ मार्च २०१९ रोजी बंद केली. पण दोन महिने आधी तसे जाहीर केले, ग्राहकांना उपकरणांची भरपाई देऊ केली आणि ती सेवा चालवणारी संगणक-आज्ञावलीही सर्वांसाठी खुली केली. दुकान बंद करतानाही देणे चुकवण्याची रीत असते, ती येथे पाळली गेली.

म्हणून पहिली कसोटी एकच. हब विकत घेण्याआधी विक्रेत्यासमोर तो चालू करून पाहावा आणि मग राउटरला बाहेरून येणारी इंटरनेटची तार काढून टाकावी. त्यानंतरही दिवा लागतो का? ठरलेल्या वेळी पंप बंद होतो का? होत असेल तर वही घरात आहे. नाणे वाजवून घेण्याची सवय ज्या घरांना आहे, त्यांना ही परीक्षा घेण्याचा संकोच वाटण्याचे कारण नाही.

दुसरी गोष्ट भाषेची. ही उपकरणे एकमेकांशी ज्या बिनतारी भाषेत बोलतात तीत झिगबी, झेड-वेव्ह आणि थ्रेड ही नावे वारंवार येतात. परदेशी राहणारा भाचा किंवा पुतण्या प्रेमाने एखादा हब घेऊन येतो, तेव्हा झेड-वेव्हबाबत विशेष जपावे लागते. अमेरिकेत या भाषेची लहरी सुमारे ९०८ मेगाहर्ट्झवर चालतात, भारतात त्या ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपास. अमेरिकेतील हब आणि भारतातील उपकरण एका खोलीत ठेवले तरी त्यांची गाठ पडत नाही. शिवाय तेथील लहरी येथे विनापरवाना वापरणे नियमाबाहेरचे. झिगबी आणि थ्रेड यांना ही अडचण नाही, कारण त्यांची २.४ गिगाहर्ट्झची पट्टी दोन्हीकडे खुली आहे.

या निरनिराळ्या भाषांवर उतारा म्हणून ॲपल, गुगल, ॲमेझॉन, सॅमसंग अशा प्रतिस्पर्ध्यांनी एकत्र येऊन मॅटर नावाचा सामाईक करार केला. त्याची पहिली आवृत्ती ऑक्टोबर २०२२ मध्ये आली. मॅटरची उपकरणे घरातल्या घरात आदेश घेतात आणि एका कंपनीचा हब बदलून दुसऱ्याचा आणला तरी टाकून द्यावी लागत नाहीत. नवी खरेदी करताना खोक्यावर मॅटरची खूण पाहणे म्हणूनच हिताचे. कॅमेऱ्यांचा मात्र या करारात सुरुवातीस समावेश नव्हता; त्यांच्यासाठी ऑनव्हिफची खूण पाहावी आणि चित्रण घरातल्या रेकॉर्डरवर साठते की नाही ते विचारावे.

ज्या घरात एखाद्या सदस्याला शिकण्याची आवड आणि चिकाटी आहे, त्या घराने होम असिस्टंटचा विचार करावा. पाउलस स्काउटसेन या तरुणाने २०१३ मध्ये सुरू केलेली ही विनामूल्य आज्ञावली लहानशा संगणकावर चालते आणि सर्व नोंदी घरातच ठेवते. तिची मालकी २०२४ पासून ओपन होम फाउंडेशन या ना-नफा संस्थेकडे आहे, त्यामुळे ती कोणा कंपनीने विकत घेऊन बंद करण्याची भीती कमी. ज्या घरात अशी चिकाटी नाही, तेथे मॅटर मानणारा तयार हब घेणे बरे. अर्धवट शिकून सोडलेली व्यवस्था कंपनीच्या व्यवस्थेपेक्षाही वाईट.

जुन्या घरांच्या जाड दगडी व मातीच्या भिंती लहरी अडवतात. झिगबीची विजेवर चालणारी उपकरणे एकमेकांकडे निरोप पुढे सरकवतात, पण सेलवर चालणारी तसे करीत नाहीत. म्हणून दुकान आणि माजघर यांच्या मधल्या भिंतीजवळ एखादा झिगबी प्लग लावला तर गोदामापर्यंतचा रस्ता सोपा होतो. बटणांच्या आत बसवायच्या बऱ्याच उपकरणांना न्यूट्रल तार लागते. जुन्या बोर्डात ती असेलच असे नाही. ज्या बोर्डावर प्लगची जागा आहे तेथे ती बहुधा सापडते. तरी वायरमनकडून पाहून घेतल्यावाचून खरेदी करू नये. ३ किलोवॅटचा गीझर सुमारे १३ अँपिअर वीज ओढतो, त्यास १० अँपिअरचे उपकरण जोडणे म्हणजे आगीस आमंत्रण. हब आणि राउटर मिळून वीज थोडीच खातात, तेव्हा दोन्ही इन्व्हर्टरच्या जोडणीवर असावेत.

घरातली वही किती कामाची, हे संध्याकाळी कळते. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपण्याचा नियम पाळणाऱ्या घरांत, विशेषतः दोन घटिका म्हणजे ४८ मिनिटे आधी पाने वाढणाऱ्यांकडे, दुकानात बसलेल्या मंडळींना वेळेवर हाक जाणे महत्त्वाचे. अनेक ॲप्समध्ये नोंदणी करताना गाव सापडत नाही म्हणून मुंबई निवडली जाते. पेठ वडगाव मुंबईच्या पूर्वेस असल्यामुळे येथे सूर्य आधी मावळतो. हे अंतर डिसेंबरात जेमतेम २ मिनिटांचे असते. पण जूनमध्ये ते सुमारे १० मिनिटांवर जाते. मुंबईच्या वेळेवर बेतलेली हाक उन्हाळ्यात तेवढी उशिरा येणार. चांगला हब गावाचे अक्षांश-रेखांश एकदा भरले की रोजचा सूर्यास्त स्वतःच गणिताने काढतो, इंटरनेट असो वा नसो. दुकानातील एखादा दिवा त्या वेळी दोनदा लुकलुकला की पुरे. गिऱ्हाईक समोर असताना घंटेपेक्षा ते बरे दिसते.

बोलून आज्ञा देण्याच्या स्पीकरची जागाही विचाराने ठरवावी. तो स्वयंपाकघरात असणे निराळे आणि गल्ल्याजवळ असणे निराळे. गल्ल्याजवळ भाव बोलले जातात, उधारीची नावे निघतात. अमेरिकेत ॲमेझॉनने काही इको उपकरणांवर आवाजाची नोंद कंपनीकडे न पाठवण्याची दिलेली मुभा २८ मार्च २०२५ पासून काढून घेतली. येथील नियम उद्या कसे असतील ते असोत, आडतीच्या गादीजवळ ऐकणारा कान नसावा.

राहिला प्रश्न किल्लीचा. हबचे खाते बहुधा घरातला जाणता मुलगा आपल्या स्वतःच्या ईमेलवर उघडतो. तो शिक्षणासाठी पुण्यास गेला, त्याचा मोबाईल बदलला, की वडीलधाऱ्यांना आपल्याच घराचे दार अनोळखी होते. खाते घरासाठी वेगळा ईमेल काढून त्यावर उघडावे, दुकानाच्या हिशेबाच्या ईमेलशी ते मिसळू नये, आणि पासवर्ड कागदावर लिहून तिजोरीत ठेवावा. किमान दोन प्रौढांना, त्यांत घर चालवणारी सून किंवा सासू एक, पूर्ण अधिकार असावा. भिंतीवरची बटणे काढू नयेत. आजोबांना पहाटे उठल्यावर दिवा लावण्यासाठी मोबाईल शोधावा लागत असेल, तर वायरमनला पुन्हा बोलावून जुने बटण बसवून घ्यावे. हब त्याच्याही मागे निमूटपणे काम करू शकतो.