आवाज येतो, शब्द येत नाहीत

इंदूरच्या एका मराठी घरात रविवारची सकाळ मेलबर्नसाठी राखून ठेवलेली असते. लेक, जावई आणि नऊ वर्षांची नात कॉम्प्युटरच्या पडद्यावर येतात आणि सगळे घर टेबलाभोवती जमते. अलीकडे मात्र आजी दहा मिनिटांत उठून स्वयंपाकघरात जाऊ लागल्या होत्या. सुनेने एकदा अडवले, "आई, थांबा ना, अजून तिचं गाणं व्हायचंय." तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, आवाज येतो, पण शब्द येत नाहीत. नुसतं हसून मान डोलवायची तरी किती वेळ?"

घरात दोन निदाने झाली. आजोबांच्या मते हिचे कान गेले. मुलाच्या मते पडद्याच्या पाठीमागे बसवलेल्या चपट्या स्पीकरांत दम नाही. त्याने त्याच संध्याकाळी नवी जोडी आणली. तळहाताएवढे दोन डबे, टेबलाखाली ठेवायचा एक मोठा डबा, निळे दिवे आणि खोक्यावर ठळक आकडा, ४००० वॉट पीएमपीओ. पुढच्या रविवारी खिडकीच्या काचा थरथरल्या. नातीचे शब्द आजींना तरीही कळले नाहीत.

असे घर गावोगावी सापडेल. कॉम्प्युटर आता हिशेबापुरता राहिलेला नाही. मुलांचा अभ्यास, गाण्याचा क्लास, कीर्तन, सिनेमा आणि परदेशातली माणसे, सगळे त्याच टेबलावर येते. पण कॉम्प्युटर घेताना दहा ठिकाणी चौकशी करणारा माणूस स्पीकर घेताना मात्र खोक्यावरचा सर्वांत मोठा आकडा पाहतो आणि पैसे देतो.

तो आकडा आधी तपासू या. घरातली साधी इस्त्री सुमारे १००० वॉटची असते. म्हणजे ४००० वॉटचा स्पीकर एकाच वेळी चार इस्त्र्यांइतकी वीज ओढणार. भिंतीवरच्या ६ अ‍ॅम्पियरच्या सॉकेटमधून २३० व्होल्टच्या हिशेबाने जेमतेम १३८० वॉट मिळतात. चार हजार वॉट खरेच निघाले असते, तर पहिल्याच गाण्याला घरातली वीज गेली असती. पीएमपीओ हा आकडा क्षणभराच्या कल्पित उसळीचा असतो आणि तो मोजण्याची सर्वमान्य रीतच नाही. ज्याला जो गुणाकार सोयीचा वाटतो, तो त्याने करावा. १९९० च्या दशकात टू-इन-वनच्या पुठ्ठ्यांवर हेच आकडे झळकत. टेपरेकॉर्डर गेले, आकडे मागे राहिले.

विचारायचा आकडा आरएमएस वॉटचा. स्पीकर सतत, न फाटता किती शक्ती देऊ शकतो, याचा तो अंदाज असतो. त्यावरही डोळे मिटून विश्वास ठेवायला नको, कारण पडताळा घ्यायचे साधन खोक्यातच असते. स्पीकरचा अ‍ॅडॉप्टर उलटा करून बारीक अक्षरे वाचावीत. तिथे 'आउटपुट ९ व्होल्ट, १ अ‍ॅम्पियर' असे लिहिले असेल, तर दोन्ही आकड्यांचा गुणाकार करावा. उत्तर आले ९ वॉट. आत येणारी वीजच ९ वॉटची असेल, तर बाहेर सतत त्याहून जास्त निघणार नाही. थोडी उष्णतेत जाते, उरलेली दोन स्पीकरांत वाटली जाते.

अ‍ॅडॉप्टर नसून फक्त यूएसबीची तार असेल, तर हिशेब आणखी सोपा. जुन्या पद्धतीच्या यूएसबी २.० खाचेतून ठरलेल्या नियमाने ५ व्होल्टला अर्धा अ‍ॅम्पियर मिळतो, म्हणजे अडीच वॉट. यूएसबी ३.० ची खाच साडेचार वॉट देते. नव्या सी प्रकारच्या खाचेतून, कॉम्प्युटरने तशी सोय ठेवली असेल तर, ५ व्होल्टला ३ अ‍ॅम्पियर, म्हणजे १५ वॉटपर्यंत मिळू शकतात. तेव्हा एकाच साध्या यूएसबीच्या तारेवर चालणाऱ्या जोडीवर '१०० वॉट' लिहिलेले दिसले, तर ती जोडी हसून परत ठेवावी. तुलनेला एक उदाहरण पुरे. एडिफायर कंपनीची आर-१२८० टी ही जोडी चार इंची स्पीकरची, लाकडी खोक्याची आणि थेट घरच्या विजेवर चालणारी आहे. बाजारात तिला चांगले नाव आहे आणि तिच्यावर लिहिलेला आकडा आहे फक्त ४२ वॉट.

एवढे थोडे वॉट पुरतात का? टेबलावर सहज पुरतात. लहान स्पीकर एका वॉटमध्ये एक मीटर अंतरावर साधारण ८० ते ८५ डेसिबल आवाज देतो. माणसाचे नेहमीचे बोलणे ६० डेसिबलच्या आसपास असते. हिशेब केला, तर बोलण्याइतक्या आवाजाला एका वॉटचा शंभरावा भागसुद्धा भरपूर झाला! शिवाय टेबलापाशी बसणारा माणूस मीटरभर दूरही नसतो आणि अंतर निम्मे झाले की आवाज सुमारे सहा डेसिबलने वाढतो. गाण्यातला तबला किंवा सिनेमातला स्फोट क्षणभर दहा-वीसपट शक्ती मागतो, त्यासाठी थोडी शिल्लक हवी. प्रामाणिक पाच ते वीस वॉटमध्ये ती मिळते. वॉट दुप्पट केले, तर आवाजात फक्त तीन डेसिबलची भर पडते. दुप्पट मोठा वाटायला सुमारे दहापट वॉट लागतात. घराच्या टेबलासाठी वॉटमागे धावणे म्हणजे वाटीभर दुधासाठी हंडा विकत घेणे.

आजींची अडचण आवाज कमी असण्याची नव्हतीच. आपल्या बोलण्यातले स्वर खालच्या पट्टीत असतात आणि त्यांच्यात जोर असतो. पण शब्दाचा अर्थ ठरतो व्यंजनांवर. स, श, फ, त, ट यांची ओळख पटवणारा बारीक आवाज दर सेकंदाला दोन हजार कंपनांच्या वर असतो आणि तो मुळातच क्षीण असतो. वय वाढते तसे कान नेमके हेच वरचे आवाज आधी गमावतात. 'सात' की 'साठ', 'पाट' की 'ताट', इथे गोंधळ सुरू होतो. त्यातच जड, घुमणारा आवाज वरच्या नाजूक आवाजाला झाकून टाकतो. म्हणजे मुलाने टेबलाखाली ठेवलेला मोठा डबा आजींना मदत करत नव्हता, उरलीसुरली व्यंजनेही पुसत होता. पडद्यामागचे चपटे स्पीकर भिंतीकडे तोंड करून बोलत होते. आधी शब्द भिंतीला ऐकू जात, आता ते गडगडाटात बुडत होते.

बोलणे, अभ्यास आणि भावगीत हा मुख्य उपयोग असेल, तर दोनच डब्यांची जोडी घ्यावी. खालचा तिसरा डबा सिनेमाच्या शौकिनांसाठी, आणि फ्लॅटमध्ये तोही खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना विचारून. प्रत्येक डब्यात एक मोठा आणि एक छोटा, असे दोन स्पीकर असले तर उत्तम. त्या छोट्याला ट्वीटर म्हणतात. (त्याच नावाचे, जगभर गलका करणारे दुसरे प्रकरण पुढे आले. हा ट्वीटर कामाचा आहे.) वरचे बारीक आवाज तोच स्वच्छ देतो. जागा अगदीच कमी असेल, तर दोन-अडीच इंचाचा एकच स्पीकर असलेली जोडीही चालते. क्रिएटिव्ह कंपनीच्या पेबल या गोट्यासारख्या जोडीत स्पीकर मुळातच तिरके, कानाकडे पाहणारे बसवले आहेत. आकाराने लहान, पण विचार बरोबर.

शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांची शंका वेगळी असते. तंबोऱ्याचा खर्ज लहान डब्यात येईल का? गायकाचा षड्ज काळी एकचा असेल, तर खर्जाच्या तारेची मूळ कंपने सेकंदाला सुमारे ६९ असतात. दोन इंची स्पीकर तिथपर्यंत पोहोचतच नाही. तरी त्यातून तंबोरा ऐकू येतो, याचे कारण मोठे गमतीचे आहे. त्या तारेतून १३८, २०७, २७६ असे पटीतले स्वरही निघतात, आणि मेंदू त्यांच्यावरून न आलेला मूळ स्वर स्वतःच भरून काढतो. खर्जाचा भास होतो, छातीवर येणारा भार मात्र येत नाही. डग्ग्याची घुमक मनापासून हवी असेल, तर निदान चार इंची स्पीकर आणि त्याला साजेसे खोके घ्यायला हवे. ते टेबलावरची अर्धी जागा खाते, हे टेप घेऊन आधी मोजलेले बरे.

तारेचा प्रश्नही लहान नाही. ब्लूटूथवर आवाज एक-दोन दशांश सेकंद उशिरा पोहोचू शकतो. नुसते गाणे ऐकताना ते कळत नाही, पण ऑनलाइन क्लासमध्ये गुरुजींच्या ठेक्यावर पेटी धरणाऱ्या मुलीचा ताल चुकतो. मग बोलणी तिला बसतात. टेबलावरच्या स्पीकरला तारच बरी. कॉम्प्युटरच्या हिरव्या खाचेत लावल्यावर गुणगुण येत असेल, तर यूएसबीतून आवाज घेणारी जोडी पाहावी. तिच्यात आवाज घडवणारा भाग वेगळा असतो, त्यामुळे बऱ्याचदा खरखर कमी होते. पण इथे फसगत होते. कित्येक जोड्यांत यूएसबीची तार फक्त वीज घेते आणि आवाजासाठी दुसरी तार लावावीच लागते. दुकानदाराला हे स्पष्ट विचारावे.

दुकानात ऐकताना दुकानदाराने लावलेले ढोलताशांचे गाणे बंद करायला सांगावे. फोनमध्ये घरच्याच माणसाचे दोन मिनिटांचे बोलणे भरून न्यावे, तेच लावावे, तेही हळू आवाजात. हळू आवाजात शब्द सुटे ऐकू आले, तर निम्मी परीक्षा झाली. नंतर काहीही न लावता आवाजाचे बटण पूर्ण फिरवावे. कान जवळ नेल्यावर थोडी फुसफुस क्षम्य, हातभर अंतरावरून ऐकू आली तर जोडी नको. आवाजाचे बटण आणि हेडफोनची खाच पुढच्या बाजूला आहे ना, दोन डब्यांना जोडणारी तार पडद्याच्या दोन्ही बाजूंना पुरते ना, हेही तिथेच पाहावे. अ‍ॅडॉप्टरवर बीआयएसचे चिन्ह आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असावा. बीआयएस केअर या सरकारी अ‍ॅपवर तो क्रमांक तपासता येतो. पावती जपून ठेवावी. तक्रार दुकानात ऐकली गेली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

चांगली जोडीही चुकीच्या जागी बिघडते. दोन डबे आणि ऐकणाऱ्याचे डोके यांचा तिन्ही बाजू सारख्या असलेला त्रिकोण व्हावा. डबे कानाकडे किंचित वळलेले आणि टेबलावर सपाट न ठेवता वर तोंड केलेले असावेत. भिंतीला किंवा कोपऱ्याला चिकटवले की घुमणे वाढते, तेव्हा वीतभर जागा सोडावी. खाली जुन्या योगासनाच्या चटईचे चार तुकडे ठेवले, तर टेबल सोबत वाजत नाही. यासाठी एक पैसा लागत नाही, आणि पुष्कळदा फरक नव्या स्पीकरएवढा पडतो.

इंदूरच्या घरात मुलाने तेच केले. जोडी आठवड्याच्या आत परत करता आली. पदरचे थोडे घालून त्याने दोन डब्यांची, ट्वीटर असलेली, प्रामाणिक वीस वॉटची जोडी घेतली. मेलबर्नला लेकीला सांगितले, "ताई, तू लॅपटॉपपासून लांब बसून बोलू नकोस, माइकची तार लाव." हेही महत्त्वाचे, कारण तिकडून गढूळ आलेला आवाज इकडचा कोणताही स्पीकर गाळून देत नाही. आणि सुनेने आजींना कानाच्या तपासणीला नेले. हे काम खरे तर सगळ्यांत आधी व्हायला हवे होते. वरच्या पट्टीतले ऐकणे कमी झाल्याचे तिथे कळले, आणि डाव्या कानासाठी यंत्र सुचवण्यात आले. स्पीकर हे औषध नव्हे. मोठा आवाज करून घरच्यांनी ते दुखणे दोन वर्षे झाकले होते.

"काय हो, तुम्ही तर म्हणत होता कान गेले," आजी आजोबांना म्हणाल्या. आजोबा वर्तमानपत्र वाचत राहिले.

सुनेने पुढच्या डब्यावरच्या बटणाशेजारी लाल नेलपॉलिशचा एक ठिपका दिला आहे. बटणावरची खूण त्या ठिपक्याशी आणली, की आजींना हवा तेवढा आवाज होतो. रविवारी सकाळी साडेआठला कॉम्प्युटर नातू सुरू करतो, पण ते बटण आजी स्वतः फिरवतात.