आधी अभंग, मग आख्यान

पावसाळ्यातली रात्र. उद्याचा डबा करायचा की नाही, या विचारात असलेल्या आईला मोबाइलवर मथळा दिसतो : ‘उद्या शाळांना सुट्टी? जाणून घ्या.’ ती जाणून घ्यायला आत शिरते. पहिल्या परिच्छेदात राज्यभर पाऊस कोसळत असल्याची माहिती. तो तिला खिडकीतून दिसतोच आहे. दुसऱ्यात पिवळ्या, नारिंगी आणि लाल इशाऱ्यांचे अर्थ. तिसऱ्यात ‘पालकांमध्ये संभ्रम’. म्हणजे खुद्द तिचीच बातमी. दोन जाहिराती ओलांडल्यावर तळाशी उत्तर सापडते : निर्णय अद्याप झालेला नाही.

असे लेख लिहिणाऱ्यांची एक ठाम समजूत असते, की उत्तर आधी सांगितले तर वाचक उठून जातो. ही मंडळी नारदीय कीर्तनाला एकदा बसली असती तर ती समजूत टिकली नसती. बुवा पूर्वरंगातच अभंग गातात, त्याचे निरूपण करतात. सांगायचे ते तिथेच सांगून होते. उत्तररंगात हरिश्चंद्राचे आख्यान लागते, तेव्हा शेवट काय हे आजीच्या मांडीवरच्या नातवालाही ठाऊक असते. तरी आरतीपर्यंत कोणी हलत नाही. लोक शेवटासाठी बसलेले नसतातच. दृष्टांतासाठी, बारकाव्यांसाठी, सांगण्याच्या लकबीसाठी बसलेले असतात. शिवाय कोणाला डुलकी लागली तर ती बुवांना समोर दिसते. ऑनलाइन लेखकाला दिसतो तो आकडा, आणि त्यात चडफडत परत गेलेला वाचकही जमेला धरलेला असतो.

हा हिशेब चुकतो, हे आकड्यांवर जगणाऱ्या कंपन्यांनाही उमगले. फेसबुकने २०१४ मध्ये असे मथळे मागे ढकलायचे ठरवले, तेव्हा वाचक दुवा उघडून लगेच माघारी येतो का, हेही मोजायला घेतले. आपल्याकडे मात्र ‘जाणून घ्या’चा पाऊस थांबलेला नाही.

खरे तर याच सुट्टीवर वाचनीय लेख होऊ शकतो. पहिल्याच ओळीत ‘रात्री नऊपर्यंत निर्णय नाही’ असे सांगून टाकावे. ज्याला तेवढेच हवे, तो कणीक मळायला मोकळा. बाकीच्यांना सांगावे, की अशी सुट्टी बहुधा जिल्हाधिकारी जाहीर करतात, कारण २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार जिल्हा प्राधिकरणाचे ते अध्यक्ष असतात. मुंबईत घोषणा महापालिका करते, आणि तिथे पावसाबरोबर समुद्राच्या भरतीचीही वेळ पाहावी लागते. आदेश रात्री उशिरा का निघतो? एकाच जिल्ह्यात घाटाजवळचा तालुका पाण्यात आणि दुसरा कोरडा असेल, तर काय करतात? हे एखाद्या अधिकाऱ्याला फोन करून विचारावे. वाचक खिळतो तो त्या एका फोनच्या कष्टाने. जे दहा ठिकाणी आहे तेच अकराव्या ठिकाणी मांडायचे, तर ते लपवून ठेवण्यावाचून दुसरे भांडवल राहत नाही.

त्या आईने अखेर शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर विचारले आणि कणीक मळून ठेवली. पुढच्या पावसात ती मथळा उघडणार नाही, सरळ गटावरच विचारील. तिचे न येणे कुठल्याही आकड्यात दिसणार नाही.