मेनूतलं जैन पान

झाशी रोडवरच्या त्या रिसॉर्टनं दिवाळीनंतर मेनूकार्ड बदललं आणि त्यातलं 'जैन' नावाचं अख्खं पान काढून टाकलं. तेव्हापासून आमच्या मंदिराच्या ओसरीवर दुसरा विषय नाही. अभिषेक आटोपून बाहेर आलेल्या बायका चपला पायात सरकवता सरकवता त्याच गोष्टीवर येतात. कुणी म्हणतं, हा समाजाचा अपमान आहे. कुणी म्हणतं, बहिष्कार घाला, महिनाभरात वठणीवर येतील. एका काकूंनी तर 'आता पाहुण्यांना न्यायचं कुठं' म्हणत खरोखर डोळ्यांना पदर लावला. मंडळाच्या सभेत निषेधाचा ठराव आला, तेव्हा हात वर न करणारी मी एकटीच निघाले. तिथं बोलायला दोन मिनिटं मिळाली, तीही चहाच्या गडबडीत. इथं जरा सविस्तर सांगते. पान गेलं ते चांगलं झालं.

ग्वाल्हेरबाहेरच्या मैत्रिणींसाठी थोडं सांगायला हवं. हॉटेलचं नाव घेत नाही, ओळखणाऱ्या ओळखतील. शिंदे सरकारांच्या दरबाराचा देखावा केलेलं जेवणघर आहे. जयविलास महालात जेवणाच्या मेजावर फिरणारी चांदीची रेल्वे आहे ना, पाहुण्यांपुढं ब्रँडी आणि सिगार नेणारी, तिची नक्कल इथं चटण्या-लोणची घेऊन फिरते. वेटरांच्या डोक्यावर शिंदेशाही पगडी. भिंतींवर किल्ल्याचे मोठाले फोटो, आणि त्यांतच गोपाचलच्या तीर्थंकरमूर्तींचाही एक, नेमका सूपच्या काउंटरमागं. पंधराव्या शतकात, तोमर राजांच्या काळात कोरलेल्या त्या मूर्ती रोज सूपच्या वाफेत उभ्या असतात, त्यावर ठराव कुणी आणला नाही, पण असो. सोनागिरीचं दर्शन करून परतणाऱ्या आपल्या गाड्या तिथं हमखास थांबतात. वाढदिवस तिथं, किटी तिथं, मुलगी बघायला आलेल्यांना जेवायला नेणं तिथं. त्यामुळं राग का आला ते मला कळतं. पण राग कशासाठी आला, ते एकदा ते पान समोर ठेवून बघू या.

जुनं कार्ड माझ्याकडं आहे. त्या पानावर पहिल्याच ओळीत काय होतं? 'जैन हनी चिली गोभी'. हनी म्हणजे मध. मद्य, मांस आणि मधु हे तीन मकार पाठशाळेतल्या सात वर्षांच्या मुलीला पाठ असतात. आपण बटाटा सोडतो तो त्याच्या कितीतरी नंतर येतो. मध पहिल्या पायरीवरच सुटायला हवा. फ्लॉवरचं तर बोलायलाच नको, त्यातल्या किड्यांपायी आपल्यातल्या कितीतरी घरांत तो येतच नाही. आणि मधात घोळवलेला हा फ्लॉवर 'जैन' म्हणून आपण वर्षानुवर्षं मागवला, मुलांना भरवला. खाली 'जैन अंजीर हलवा'. वड, पिंपळ, उंबराच्या कुळातलं फळ ते; पाच उदुंबरांचा त्याग ज्यांनी केला त्यांच्या घरी अंजीर येत नाही. त्याखाली 'जैन दही भल्ले', म्हणजे डाळीचे वडे आणि वर कच्चं दही. द्विदल म्हणजे काय, हे आपल्या सासवांनी आपल्याला कढी करतानाच शिकवलं होतं, आधी दही तापव म्हणून. तिथं ते वडे आपण चमच्यानं खाल्ले आणि वर 'छान आहेत हो' म्हटलं.

आणि हे सगळं मिळायचं कधी? संध्याकाळी साडेसातपासून. ग्वाल्हेरला डिसेंबरात साडेपाचच्या सुमाराला सूर्य मावळतो, ऐन जूनमध्येसुद्धा सव्वासातच्या आसपास. म्हणजे वर्षातला एकही दिवस असा नव्हता की त्या पानावरचं रात्रीचं जेवण सूर्यास्ताच्या आत घेता आलं असतं. इकडं संध्याकाळच्या जेवणाला 'अंथऊ' असा सुंदर शब्द आहे, माझ्या सासूबाई शेवटपर्यंत तोच वापरायच्या. साडेसातला सुरू होणाऱ्या जेवणाला जैन म्हणायचं, आणि ते पान गेलं की धर्म बुडाला म्हणायचं, हे माझ्या डोक्यात बसत नाही.

दोष हॉटेलचा आहे असंही नाही. मागं एकदा मी तिथल्या पोराला विचारलं, भैया, जैन म्हणजे काय रे घालता तुम्ही? दतियाकडचा पोरगा, पगडी सावरत म्हणाला, "मॅडम, जैन मतलब बिना प्याज-लहसुन. आणि आलू नाही." त्याला तेवढंच सांगितलं होतं. कुणी सांगितलं? आपणच. कुठल्याही टेबलावर बसलं की आपण 'जैन बनवा' एवढाच हुकूम सोडतो आणि गप्पा मारायला लागतो. आता तर जैन पावभाजी आहे, जैन पिझ्झा आहे, विमानकंपन्यांकडं जैन जेवणाची स्वतःची चार अक्षरी खूण आहे, व्हीजेएमएल. पावभाजीत बटाट्याऐवजी कच्चं केळं घातलं की ती जैन झाली. ज्या शब्दाचा अर्थ ज्यानं स्वतःला जिंकलं त्याच्या मागून जाणारा, तो शब्द आता 'कमी तिखट', 'जास्त बटर' यांच्या रांगेत जाऊन बसला आहे. ही रांग आपण लावली.

नवं कार्ड मी दोनदा नीट वाचलं. त्यात प्रत्येक पदार्थाखाली बारीक अक्षरात घटक दिले आहेत. मलाई कोफ्त्याखाली पनीर, बटाटा, काजू, कांदा, मध असं स्पष्ट लिहिलं आहे. कोफ्त्यात मध असतो हे मला ते कार्ड वाचेपर्यंत माहीत नव्हतं. तुम्हांला होतं? शेवटी एक ओळ आहे: कांदा, लसूण, कंद किंवा मध नको असल्यास सांगा, जे शक्य आहे ते वगळू, जे शक्य नाही ते सांगू. मला विचाराल तर ही एक ओळ त्या आख्ख्या जुन्या पानापेक्षा मोलाची आहे. 'जे शक्य नाही ते सांगू' असं आजवर मला कुठल्या हॉटेलनं म्हटलं नव्हतं. 'हो जाएगा मॅडम' मात्र सगळ्यांनी म्हटलं.

२०२३च्या पावसाळ्यात टोमॅटो परवडेनासा झाला तेव्हा उत्तरेकडच्या मॅकडोनाल्डनं दारावर कागद लावला होता, की आमच्या कसोटीला उतरतील एवढे टोमॅटो मिळत नाहीत, म्हणून सध्या टोमॅटोशिवाय देतो. लोक हसले, फोटो काढले, चार दिवस चेष्टा झाली. पण फसवलं कुणालाच नाही. बदल करणारा काय बदललं ते लिहून सांगतो, एवढंच गिऱ्हाइकाला हवं असतं. कायद्याचा हिरवा ठिपका तेवढंही सांगत नाही. तो फक्त शाकाहाराची हमी देतो. मधाला हिरवा ठिपका, लसणीच्या चटणीला हिरवा ठिपका, अंजिराला हिरवा ठिपका. दहा किंवा जास्त ठिकाणी शाखा असलेल्या हॉटेलांना २०२२पासून मेनूवर उष्मांक छापावे लागतात आणि ज्यांची काहींना ॲलर्जी असते ते घटकही सांगावे लागतात. म्हणजे ताटात काय आहे ते लिहिणं हॉटेलवाल्यांना जमत नाही, असं काही नाही.

ठराव मांडणाऱ्या ताईंचा एक मुद्दा मात्र असा झटकून टाकता येत नाही. त्या म्हणाल्या, आपण आहोतच किती? २०११च्या जनगणनेत देशात साडेचव्वेचाळीस लाख, शंभरात अर्धासुद्धा नाही. २०१४ साली अल्पसंख्याक म्हणून मान्यता मिळाली, पण रोजच्या जगण्यात आपली आठवण कोण ठेवतं? मेनूवर आपलं नाव दिसलं की वाटतं, या गावात आपणही आहोत. हे ऐकून सभेत अनेकींनी माना डोलावल्या, आणि खरं सांगते, मलाही आतून काहीतरी हललं. परगावी, दमल्याभागल्या वेळी, अनोळखी मेनूवर तो शब्द दिसला की जिवाला बरं वाटतं, हे खोटं नाही.

पण नाव दिसण्यानं आपली काळजी घेतली जाते का? मार्च २०२४मध्ये झोमॅटोनं शुद्ध शाकाहारी जेवणासाठी वेगळी पोरं आणि त्यांना हिरवे कपडे जाहीर केले. आपल्याकडं टाळ्या पडल्या. दुसऱ्याच दिवशी त्यांना हिरवे कपडे मागं घ्यावे लागले, कारण लाल कपड्यांतल्या पोराला उद्या एखाद्या सोसायटीच्या फाटकावर अडवतील, आणि भाड्यानं राहणाऱ्याच्या दारात लाल कपडा दिसला की घरमालक डोळे वटारेल, ही भीती लोकांनी बोलून दाखवली. आपल्या व्रताची खूण दुसऱ्याच्या अंगावर चढवली की ती दुसऱ्यालाच जाचते. व्रत मी घेतलं आहे. ते मला पाळायचं आहे. हॉटेलवाल्यानं ते माझ्या वतीनं पाळावं असं मी कोणत्या तोंडानं म्हणू? मी त्याच्याकडं एवढंच मागू शकते की खोटं सांगू नकोस.

आता ते मघाशी राखून ठेवलेलं. आपल्याला तिथं काय आवडायचं? रेल्वे नाही की पगडी नाही. तिथं स्वयंपाक करावा लागत नाही हे आवडायचं, आणि त्या पानामुळं काही विचारावंही लागत नाही हे त्याहून आवडायचं. घरी कोणाची अष्टमी, कोणाला चतुर्दशीला हिरवी भाजी नको, कोणाचा एकाशन, कोणाला पाणी गाळून उकळून, हे सगळं डोक्यात ठेवून बाई दिवसातून चार वेळा स्वयंपाकघरात शिरते. महिन्यातून एकदा कुणीतरी एक पान पुढं करतं आणि म्हणतं, यातलं काहीही चालेल. त्या 'काहीही'साठी आपण जीव टाकतो. काकूंच्या डोळ्यांतलं पाणी मला तिथून आलेलं दिसतं, आणि त्याची टिंगल करायची माझी हिंमत नाही.

म्हणूनच मला पुरुषमंडळींचा राग येतो. बहिष्काराची भाषा सगळ्यांत मोठ्यानं करणारे तीन भाऊसाहेब रविवारी सकाळी महाराज बाड्यावर बेडई आणि बटाट्याची भाजी खाताना मी स्वतः पाहिले आहेत. खावीत, माझी ना नाही. पण मग हॉटेलात पाहुण्यांसमोर 'आमच्याकडं जैनच लागतं' म्हणून मेनू बायकोकडं सरकवायचा, आणि वेटरशी हुज्जत तिनं घालायची, हे काय? घटकांची यादी वाचायला लागेल म्हणून ज्यांना नवं कार्ड नको आहे, त्यांनी चष्मा लावून स्वतः वाचावं. घराचा धर्म बाईनंच का वाचायचा?

जाता जाता आणखी एक. याच बदलात पुरणपोळी, थालीपीठ आणि कटाची आमटी असलेली मराठा थाळीही गेली. शिंदेशाही पगडी घातलेला पोरगा आता मंचुरियन आणून ठेवतो. लष्करातली इतकी मराठी घरं तिथं जातात, एकानंही ब्र काढला नाही. मला त्या आमटीची आठवण येते. पण तिच्यावर ठराव आणणार नाही.

मंडळाच्या ठरावाऐवजी मी एक अर्ज लिहिला आहे, हिंदीत. त्यात 'जैन' पान परत द्या असं कुठंही नाही. घटकांची यादी फक्त इंग्रजीत आहे ती हिंदीतही छापा, आणि अक्षर मोठं करा, म्हणजे सासूबाईंच्या वयाच्या बायकांना कुणाला विचारावं लागणार नाही. अंडं-मांस ज्या तव्यावर होतं तो तवा आणि ते तेल वेगळं ठेवा, आणि जिथं वेगळं नसेल तिथं तसं लिहा. आणि शनिवार-रविवारी तरी स्वयंपाकघर संध्याकाळी साडेचारला उघडा, ज्यांना अंथऊ करायचा आहे त्यांना दिवसाउजेडी ताट मिळू द्या.

अर्ज घेऊन मी मॅनेजरकडं जाऊन आले. हिंदी यादीला तो लगेच हो म्हणाला. तव्याचं मालकांना विचारून सांगणार आहे. साडेचारच्या जेवणासाठी मात्र त्यानं दर शनिवारी किमान वीस ताटांची खात्री मागितली आहे. सभेत ठरावावर हात वर करणाऱ्या बेचाळीस होत्या. साडेचारच्या यादीवर आजपर्यंत अकरा सह्या झाल्या आहेत, आणि त्यात पहिली सही त्या डोळ्यांना पदर लावणाऱ्या काकूंची आहे.